कळमनुरीच्या उत्तरेला: नांदेड–पंजाब अंतराचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे तालुक्याचे गाव साधारणपणे १९ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश २० कला पूर्व रेखांशावर वसलेले असून, त्याच्या दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर असलेले नांदेडचे विमानतळ आणि उत्तरेला हजार किलोमीटरच्या आतबाहेर असलेला दिल्लीचा परिसर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ त्याच रेखांशावर येतात. नांदेडहून दिल्लीच्या दिशेने निघालेले विमान त्यामुळे या तालुक्याच्या डोक्यावरून किंवा फार तर थोडे बाजूने जाते. याच दिशेने, याच पट्ट्यातून, गेली सात शतके माणसांची ये-जा चालत आली आहे. कळमनुरीच्या शेजारच्या नरसीत जन्मलेले संत नामदेव पंजाबात गेले, शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह नांदेडला येऊन येथेच दिवंगत झाले, आणि या दोन घटनांनी गोदावरीचा काठ आणि बियास नदीचा प्रदेश एकमेकांशी असे जोडले गेले, की त्यांच्यामधील अंतर कमी करण्याची खटपट प्रत्येक काळात कोणी ना कोणी करीत राहिले. ती खटपट करणाऱ्यांत कळमनुरीकर स्वतः क्वचितच होते, ही गोष्ट मात्र या इतिहासात सुरुवातीलाच लक्षात ठेवावी लागते. येथून जाणाऱ्या वाटा साधू-संतांच्या, बादशाही लष्कराच्या, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या किंवा यात्रेकरूंच्या गरजेतून निर्माण झाल्या, आणि स्थानिकांना त्यांचा उपयोग झाला तो बहुधा नंतर आणि ओघाने.

दोन दूरच्या नगरांमधील अंतर न चालता काढता येते, हे भारतीय गणितज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी त्यातील गोलाध्याय या भागात पृथ्वीचा परीघ काढण्याची जी रीत दिली आहे, तिचा आधार एकाच याम्योत्तर रेषेवरची, म्हणजे दोन्ही ध्रुवांना जोडणाऱ्या एकाच उभ्या रेषेवरची, दोन नगरे हा आहे. त्या नगरांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांच्यामधील योजनांचे अंतर ही दोन्ही ठाऊक असतील, तर त्रैराशिकाने सबंध ३६० अंशांचा परीघ मिळतो. भास्कराचार्यांनी तो ४,९६७ योजने दिला. हीच रीत उलट वापरली, म्हणजे परीघ ज्ञात धरला, तर नुसत्या अक्षांशांवरून अंतर मिळते. ज्योतिषशास्त्राने या कामासाठी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी मध्यरेखा मुख्य मानली होती, आणि कळमनुरी त्या उज्जयिनीच्या रेषेपासून जेमतेम दीड अंश पूर्वेला आहे. नांदेडचे विमानतळ आणि दिल्लीजवळच्या गाझियाबादचे हिंडन विमानतळ ही तर भास्कराचार्यांच्या उदाहरणासाठीच बांधली असावीत इतकी एका रेषेवर आहेत. पहिल्याचा अक्षांश १९ अंश ११ कला, दुसऱ्याचा २८ अंश ४२ कला आणि दोघांच्या रेखांशांतील फरक दोन-तीन कलांचा. अक्षांशांचा फरक ९ अंश ३१ कला, म्हणजे ५७१ कला होतो. वैमानिक आणि नाविक ज्या सागरी मैलाने अंतर मोजतात तो मैल मुळात अक्षांशाच्या एका कलेइतका धरलेला असल्यामुळे हे अंतर थेट ५७१ सागरी मैल ठरते, आणि १९२९ मध्ये मोनाको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिलेल्या १,८५२ मीटरच्या मापाने गुणले असता ते सुमारे १,०५७ किलोमीटर भरते.

नगरे एकाच रेखांशावर नसली की हिशेब थोडा अवघड होतो. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या आणि पृथ्वीच्या केंद्राभोवती असलेल्या वर्तुळाच्या कंसावर पडते. या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. कागदी नकाशावर ही वाट वाकडी दिसते, आणि त्यामुळेच मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारे विमान उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशाकडे का वळते, याचे पुष्कळांना नवल वाटते. नांदेड ते अमृतसर या अंतरात हा फरक नाममात्र आहे, कारण दोन्ही नगरांच्या रेखांशांत अवघ्या अडीच अंशांचा फरक आहे. या मार्गाने दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे १,४१५ किलोमीटर येते.

हा हिशेब अचूक होण्यासाठी पृथ्वीचा नेमका आकार ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक करून घेण्याच्या कामात कळमनुरीच्या परिसराचा वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा सेनाधिकारी विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांच्या आसपासची एक आधाररेषा, म्हणजे साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजलेली सरळ रेषा, आखली आणि तिच्यावरून त्रिकोणांची जाळी पसरण्यास सुरुवात केली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, म्हणून पुढे प्रत्यक्ष जमीन मोजण्याऐवजी डोंगरमाथ्यांवरून आणि देवळांच्या शिखरांवरून केवळ कोन मोजत जाता येते. त्यासाठी लागणारा थिओडोलाइट, म्हणजे दुर्बीण बसवलेले कोनमापक यंत्र, अर्धा टन वजनाचा होता. तो भारतात येत असताना फ्रेंचांच्या हाती पडला होता आणि पुढे तंजावरच्या देवळावर चढवताना आपटून त्याची दुरुस्ती करावी लागली होती. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे निघालेल्या या त्रिकोणमालेला पुढे 'ग्रेट आर्क', म्हणजे महाकंस, हे नाव मिळाले, आणि तिची मुख्य रेषा ७७ अंश ४० कलांच्या आसपासच्या रेखांशावरून गेली. बिदर परिसरातील दामरगिद्दा हे १८ अंश ३ कलांवरील ठाणे आणि वऱ्हाडातील टाकळखेडा हे २१ अंश ५ कलांच्या आसपासचे ठाणे यांच्यामधला तीन अंशांचा टप्पा लॅम्बटनच्या हयातीच्या अखेरच्या वर्षांत पुरा झाला. कळमनुरीचा अक्षांश या दोन ठाण्यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये पडतो, आणि त्रिकोणमालेची रेषा गावाच्या पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटरवरून जाते. गोदावरी आणि पैनगंगा यांच्यामधला हा माळांचा आणि टेकड्यांचा मुलूख पृथ्वीची वक्रता मोजण्याच्या कामी असा उपयोगी पडला. लॅम्बटनने नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी देह ठेवला. त्याच्या मागे काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने महाकंस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला, आणि या मापांवरून १८३० मध्ये पृथ्वीचे जे गणिती रूप मांडले गेले, त्यावर भारताचे नकाशे त्यापुढे दीड शतकाहून अधिक काळ आधारलेले राहिले. एव्हरेस्टच्या रूपातील पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या आज उपग्रहांच्या साहाय्याने ठरवलेल्या त्रिज्येपेक्षा सुमारे ८६० मीटरांनीच कमी होती. विमानांच्या जागतिक व्यवहारात १ जानेवारी १९९८ पासून उपग्रहाधारित नवे मापन सर्वत्र ग्राह्य धरले गेले.

अंतर मोजले गेले म्हणून ते कमी झाले, असे मात्र घडले नाही. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या या भागात सामान्य माणूस एकोणिसाव्या शतकातही कोसांनी आणि मजलांनीच मोजत होता. लोकव्यवहारात कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल. तो प्रांतागणिक बदलत असे, आणि आईन-इ-अकबरीत ५,००० इलाही गजांचा कोस सांगितला आहे तो त्याहून बराच मोठा भरतो. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. तिची लांबी जमिनीवर जितकी अवलंबून होती, तितकीच पाणी, सावली, ऋतू आणि बैलांची ताकद यांवरही होती. पैनगंगेला पूर असेल तर उत्तरेकडची एक मजल आठ दिवसांचीही होई.

या मुलखातून उत्तरेकडे गेलेला पहिला थोर प्रवासी म्हणून नामदेवांचे नाव घ्यावे लागते. परंपरेने त्यांचा जन्म १२७० मध्ये कयाधू नदीच्या काठच्या नरसी येथे झाल्याचे मानले जाते. हीच कयाधू पुढे हिंगोलीवरून कळमनुरी तालुक्यात उतरते आणि पैनगंगेला मिळते. नामदेवांचे बालपण पंढरपुरात गेले असून जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु ज्ञानेश्वरांच्या १२९६ मधील समाधीनंतर ते उत्तरेत गेले आणि पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे दीर्घकाळ राहिले, ही परंपरा दोन्ही प्रांतांत दृढ आहे. त्यांची ६१ पदे शीख पंथाच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली आहेत. त्यांच्या निर्वाणाबद्दल महाराष्ट्र पंढरपूर सांगतो आणि पंजाब घुमान सांगतो. पंधराशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन गावांनी एकाच संतावर सारखाच हक्क सांगावा, यात त्या काळच्या प्रवासाचे स्वरूप दिसते. असा प्रवास जाऊन परत येण्यासाठी नव्हता, तो वाटेत मुक्काम करीत, कीर्तन करीत, माणसे जोडीत आयुष्याचा एक भाग व्यापून टाकणारा होता, आणि त्याला 'किती दिवस लागले' हा प्रश्न विचारणेच गैरलागू ठरते.

अठराव्या शतकाच्या आरंभी उलट दिशेचा प्रवास झाला, आणि त्याचा काळ बऱ्यापैकी ठाऊक आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दिल्लीच्या गादीवर आलेला बहादूरशाह आपल्या भावाचे बंड मोडण्यासाठी दक्षिणेकडे निघाला, तेव्हा गुरू गोविंदसिंह त्याच्या छावणीबरोबर होते. आग्र्याकडून राजस्थानमार्गे बुऱ्हाणपूर आणि तेथून नांदेड असा हा मार्ग होता, आणि १७०७ च्या अखेरीस निघालेली ही मंडळी १७०८ च्या उत्तरार्धात गोदावरीकाठी पोचली. बादशाही छावणी म्हणजे चालते शहरच असल्याने ती दिवसाकाठी चार-पाच कोसांहून जास्त क्वचितच सरके, शिवाय मधले मुक्काम लांबत. नांदेडला गुरूंवर हल्ला झाला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी गोदावरीकाठी आश्रम करून राहणाऱ्या माधोदास नावाच्या बैराग्याला त्यांनी दीक्षा देऊन पंजाबकडे पाठवले होते. तोच पुढे बंदासिंह बहादूर म्हणून प्रसिद्ध झाला. १७०८ च्या शरदात नांदेड सोडलेल्या बंदासिंहाने नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना हे नगर जिंकले आणि मे १७१० मध्ये सरहिंद घेतले. नांदेडपासून पंजाबच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्यास त्याला जवळजवळ एक वर्ष लागले, आणि त्यातला मोठा भाग चालण्यात न जाता माणसे, पैसा आणि शस्त्रे गोळा करण्यात गेला असणार, हे उघड आहे.

केवळ बातमी न्यायची असेल तर हीच वाट किती दिवसांची होती, याचा अंदाज पानिपतच्या एका प्रसिद्ध प्रसंगावरून येतो. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्याच्या बाजूला ज्या पत्रातून प्रथम कळली, ते पत्र सावकारांनी औरंगाबादला धाडले होते. ते नेणाऱ्या कासदाने, म्हणजे पायी टपाल वाहणाऱ्या निरोप्याने, पानिपताहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचण्याचा करार केला होता, असे इतिहासकार ग्रँट डफ याने नोंदवले आहे. पानिपत आणि औरंगाबाद यांच्यामधले सरळ अंतर सुमारे १,०६५ किलोमीटर भरते, म्हणजे आजच्या नांदेड–हिंडन हवाई टप्प्याहून ते काही किलोमीटरांनीच जास्त आहे. प्रत्यक्ष वाटेची वळणे धरली तर दिवसाला दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा वेग होतो. तो एका माणसाच्या पायांचा असणे कठीण असल्याने टप्प्याटप्प्यावर माणसे बदलत असावीत. राज्यकर्त्यांच्या डाकेपेक्षा सावकारांची डाक पुष्कळदा वेगवान असे, याचेही हे एक उदाहरण मानता येईल.

नांदेड आणि पंजाब यांचा संबंध पुढे महाराजा रणजितसिंह यांनी पक्का केला. गुरूंच्या समाधिस्थानी आज हजूरसाहिब म्हणून ओळखली जाणारी वास्तू त्यांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. त्यासाठी पंजाबातून पैसा आणि कारागीर आले, आणि त्याच सुमारास निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या काळात शीख शिपायांची एक पलटणही लाहोरहून हैदराबाद राज्यात आली. ती लाहोरी फौज या नावाने ओळखली गेली. त्यातील अनेक कुटुंबे दक्षिणेतच स्थायिक झाली आणि मराठी, उर्दू, तेलुगू बोलू लागली. पंजाबात नातेवाईक आणि नांदेडात घर, अशी स्थिती असलेला एक समाज या भागात निर्माण झाला, आणि दोन नगरांमधील प्रवासाला नियमित गिऱ्हाईक मिळाले ते खरे तेथपासून.

कळमनुरीच्या बाजूला आगगाडी आली ती मात्र यात्रेकरूंसाठी नव्हती. पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता, आणि तेथला कापूस मुंबईला नेण्यासाठी भुसावळहून अकोल्यावरून निघालेला रेल्वेमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे कळमनुरीच्या माणसाला उत्तरेकडे जाण्याची सोयीची वाट म्हणजे बैलगाडीने चार-पाच दिवसांत अकोला गाठणे आणि पुढे आगगाडी धरणे ही होती. निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याने जाणारा हैदराबाद–मनमाड मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला आणि नांदेड रेल्वेच्या नकाशावर आले. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता, तर मनमाडहून उत्तरेकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटांचा होता. त्यामुळे पंजाबला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला मनमाडला उतरून सामानसुमानासह गाडी बदलावी लागे, आणि मनमाडला गुरुद्वारा उभा राहिला तो याच वाटेवर. पूर्णा ते हिंगोली ही शाखा १९१२ मध्ये सुरू झाली. या स्थानकाचे अधिकृत नाव आजही हिंगोली डेक्कन असे आहे. कळमनुरी गाव या रुळांपासून वीसेक किलोमीटर दूर राहिले, आणि आजही गावात रेल्वे नाही.

आगगाडीने अंतराबरोबर घड्याळेही बदलली. त्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या माथ्यावरच्या सूर्याची होती, परंतु वेळापत्रक छापायचे तर सर्व स्थानकांना एकच घड्याळ हवे, म्हणून भारतीय रेल्वेमार्ग मद्रासच्या वेळेवर चालू लागले, आणि १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. या प्रमाणवेळेची रेषा ८२ अंश ३० कलांवर असल्यामुळे कळमनुरीतला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २१ मिनिटे मागे आणि अमृतसरचा सुमारे अर्धा तास मागे चालतो. प्रवासाला 'इतके तास लागतात' असे विधान दोन्ही टोकांना एकच घड्याळ असल्याशिवाय नेमकेपणाने करताच येत नाही. विमानाच्या प्रवाशाने तिकिटावर वाचलेल्या दोन वेळांची वजाबाकी करावी, ही सवय आगगाडीने लावली आहे.

हिंगोलीहून थेट उत्तरेकडे रूळ जाण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. खांडवा–अकोला–हिंगोली हा मीटरगेज दुवा १९६० च्या सुमारास पुरा झाला आणि उत्तर व दक्षिण भारतातील मीटरगेज जाळी प्रथमच एकमेकांना जोडली गेली. त्यानंतर राजस्थानकडून हैदराबादला जाणारी गाडी हिंगोलीवरून धावू लागली, आणि हा आडवळणी जिल्हा काही दशके एका लांब पल्ल्याच्या मार्गावर आला. पूर्णा–अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये झाले, परंतु अकोल्याच्या उत्तरेला, मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून आणि धूळघाटच्या वळसेदार चढणीवरून जाणारा भाग २०१७ च्या सुरुवातीस बंद पडला. जंगल वाचवण्यासाठी मार्ग बाहेरून नेण्याचा निर्णय योग्य असला, तरी भूगोलाने सरळ दिलेली उत्तरेची वाट त्यामुळे रुळांवरून तुटली, आणि हिंगोलीहून पंजाब-राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्यांना भुसावळचा वळसा पडला. नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस मनमाडच्या बाजूने जाते आणि २,०८० किलोमीटरांच्या आसपासचा, म्हणजे हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट, मार्ग सुमारे दीड दिवसात कापते. मनमाड–मुदखेड मार्गाचे रुंदीकरण झाल्यावर १९९० च्या दशकात ही गाडी सुरू झाली आणि मनमाडची गाडीबदल संपली. वाटेतल्या स्थानकांवर प्रवाशांना लंगर, म्हणजे पंथाच्या रिवाजाप्रमाणे फुकट जेवण, वाढले जाते, आणि त्यासाठी प्रवासी आपापली भांडी बरोबर बाळगतात.

आकाशमार्गाचा इतिहास या भागात हैदराबादपासून सुरू होतो. टाटांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये कराची–मुंबई–मद्रास अशी टपालाची विमानसेवा सुरू झाली, आणि पुढे निजाम सरकारच्या सहभागाने १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. बेगमपेठ हे तिचे ठाणे. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मधल्या काळात, १९४८ मध्ये, निजामाचे राज्य भारतात सामील होण्याच्या प्रश्नावरून तणाव शिगेला पोचला असता सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून बिदर आणि वारंगळ येथे रात्रीच्या वेळी चोरून शस्त्रे पोचवली. त्यासाठी वापरलेली लँकास्ट्रियन जातीची विमाने दुसऱ्या महायुद्धातील लँकास्टर बाँबफेकी विमानांचे नागरी रूप होती. कराची ते बिदर हे सरळ अंतर तेराशे किलोमीटरांच्या घरात, म्हणजे नांदेड–अमृतसर अंतराहून थोडेसेच कमी आहे. मराठवाड्याच्या परिसरात एवढ्या लांब पल्ल्याची ही थेट उड्डाणे झाली ती अशी बेकायदा आणि अंधारात, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामाची राजवट संपल्यावर ते प्रकरण मिटले.

त्यानंतर लगेचच विमानाचा लाभ या तालुक्याला मिळाला, पण तो माणसांना नव्हे, पत्रांना. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता शक्य तेथे विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पहाटेपर्यंत परत आपापल्या ठिकाणी जात. निजाम राज्याचे स्वतंत्र टपाल खाते १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले, आणि कळमनुरीच्या पेटीत टाकलेल्या पत्रालाही या व्यवस्थेचा मार्ग मोकळा झाला. पत्र पाठवणारा स्वतः मात्र अजून अनेक वर्षे बैलगाडी, मोटार आणि मीटरगेज यांवरच अवलंबून होता.

नांदेडची धावपट्टी १९५८ मधील असली, तरी तेथून नियमित प्रवासी वाहतूक होण्यास अर्धे शतक जावे लागले. गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या घटनेला २००८ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली, आणि त्या गुरुतागद्दी सोहळ्यासाठी शासनाने नांदेडवर जो खर्च केला, त्यात विमानतळाचे नूतनीकरण आणि धावपट्टीची वाढ यांचा समावेश होता. गुरू गोविंदसिंहजी विमानतळ हे नाव त्याला शोभून दिसते, कारण नुसत्या मराठवाड्याच्या मागणीवर ते या रूपात उभे राहिले असते असे मानण्यास आधार नाही. सेवा मात्र टिकली नाही. तेथे विमाने चालवणारी किंगफिशर ही कंपनी २०१२ मध्ये बंद पडली आणि काही काळ विमानतळ जवळजवळ ओस राहिले. २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या उडान योजनेचा, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानभाड्यावर मर्यादा घालून कंपनीला तुटीपोटी अनुदान देणाऱ्या योजनेचा, आरंभ झाला तेव्हा पहिल्या दिवशीच्या मोजक्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा एक होता. ट्रूजेट कंपनीची पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप, विमाने त्या मार्गावर येऊ लागली. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड–अमृतसर थेट सेवा सुरू केली, आणि बंदासिंहाला जे अंतर काटायला वर्ष लागले ते अडीच तासांच्या आत आले. पुढे कोविडची साथ, ट्रूजेटचे २०२२ मधील बंद पडणे आणि पुन्हा रिकामे वेळापत्रक असा क्रम झाला. २०२४ मध्ये स्टार एअर या कंपनीने हिंडन, हैदराबाद, बंगळूर आणि पंजाबातील आदमपूर यांच्याशी नांदेड जोडले.

उड्डाणाला लागणारा वेळ हा अंतराला वेगाने भागून मिळत नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. या मार्गांवरच्या लहान जेट विमानाचा उंचीवरचा वेग ताशी आठशे किलोमीटरांच्या आसपास धरला, तर नांदेड–हिंडन अंतर एक तास वीस मिनिटांत संपावे. परंतु वेळापत्रकात छापलेली वेळ विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तीत धावपट्टीपर्यंतची रांग, चढाव, उतार, हवाई नियंत्रकांनी घातलेले फेरे हे सर्व मोजले जाते. दिल्लीच्या भोवतालचे आकाश गजबजलेले आहे, म्हणून तेथे हा वाढीव भाग मोठा असतो. शिवाय हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिवेगवान वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, पूर्व-पश्चिम उड्डाणांचा वेळ लक्षणीय बदलतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा जास्त असण्याचे कारण बव्हंशी हेच. नांदेड–पंजाब मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने वारा त्याला आडवा लागतो. त्याने वेळ फारसा बदलत नाही, पण विमानाला नाक किंचित पश्चिमेकडे वळवून उडावे लागते. लहान टप्प्यांना तर ब्लॉक टाइममधला हा वाढीव भाग मूळ उड्डाणाइतकाच जड होतो. नांदेड–हैदराबाद हे सुमारे २४५ किलोमीटरांचे अंतर पंख्याच्या विमानाने अर्ध्या तासात पार व्हावे असे कागदावर दिसते, पण प्रत्यक्षात तासाभराचे वेळापत्रक असते.

एप्रिल २०१५ मध्ये घुमान येथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने मराठी माणसे नामदेवांच्या वाटेने एकदम निघाली. त्यांतले बहुतेक आगगाडीने गेले. त्या वर्षी नांदेडहून पंजाबला विमान नव्हते. आजही कळमनुरीहून घुमानला जाणाऱ्याच्या प्रवासाचा हिशेब विमानाच्या तासांत होत नाही. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा आणि अर्धापूर या राष्ट्रीय महामार्गाच्या टप्प्यांनी नांदेड विमानतळ गाठणे, त्या आठवड्यात विमान असेल तर उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी तेथे हजर राहणे, उतरल्यावर पंजाबातला पुढचा रस्ता, असे सगळे जमेस धरले की आकाशातला भाग एकूण वेळेच्या निम्म्याहून कमीच भरतो. विमान नसेल तर हैदराबादचे किंवा नागपूरचे विमानतळ पाहावे लागते, आणि तोपर्यंत सकाळी निघालेली सचखंड एक्स्प्रेस भुसावळच्या पुढे गेलेली असते. यात्रेकरूंचा मोठा भाग ती गाडी पसंत करतो, कारण तिचे भाडे परवडते, सामानाचे वजन होत नाही आणि वाटेत जेवण मिळते. हिंगोलीवरून श्रीगंगानगरकडे जाणारी गाडी धरली, तर कळमनुरीकराला नांदेडला जाण्याचीही गरज राहत नाही.